परसातल्या माड-पोफळींचा फुलोरा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर पट्ट्यातल्या वाड्या एका दुपारीत आडव्या झाल्या. आमच्या वाडीतलेही बरेच माड आणि पोफळी गेल्या. त्याच पावसाळ्यात आणि पुढच्या एक-दोन वर्षांत ज्यांनी ज्यांनी पुन्हा लावणी केली, त्यांची झाडं आता फुलोऱ्याला यायला लागली आहेत. त्यामुळे अलीकडे शेजारीपाजारी भेटले की बोलणं पोयीवरच, म्हणजे आवरणात झाकलेल्या फुलोऱ्यावरच येतं. पुन:पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. माडाबद्दल जास्त लिहिलंय, कारण प्रश्न त्याचेच जास्त येतात.

माड लावून सहा वर्षं झाली. शेजारच्याला पोय आली, आमच्याला नाही. कुठे चुकलं?

आधी जात कोणती ते बघा. आपली बाणवली ही उंच जात आहे. तिला पहिली पोय यायला चांगल्या जागी सहा-सात वर्षं लागतात, हयगय झाली तर दहासुद्धा. चौघाट ऑरेंजसारखी ठेंगणी जात तीन-चार वर्षांत फुलते आणि उंच-ठेंगण्याचा संकर चार-पाच वर्षांत. शेजाऱ्याचा संकरित असेल आणि तुमचा बाणवली, तर तुलनेला अर्थ नाही.

जात एकच असेल तर ऊन बघा. घराच्या सावलीत, फणसाखाली किंवा दोन मोठ्या माडांच्या मध्ये घुसवलेलं रोप उंच होत जातं पण फुलत नाही. दोन माडांत साडेसात मीटर म्हणजे साधारण पंचवीस फूट अंतर सांगतात ते उगाच नाही. वादळानंतर घाईघाईत अनेकांनी बारा-पंधरा फुटांवर रोपं लावली. आम्हीही चार लावली होती, त्यातली दोन पाचव्या वर्षी काढावी लागली. काढताना वाईट वाटलं, पण उरलेल्या दोघांना त्यानंतर पोयी आल्या.

पोफळीची पोय कुठून येते? झाडावर कुठे दिसतच नाही.

पोफळीची पोय पानाच्या विरीखाली, म्हणजे खोडाला वेढणाऱ्या पानाच्या रुंद बुडाखाली झाकलेली असते. पान पिकून विरीसकट खाली पडलं की खोडाला चिकटलेली ती फुगीर पोय उघडी होते आणि लगेचच फुटते. म्हणून विरी ओढून काढू नका, तिची ती पडू द्या. पाणी-खत बरं असेल तर पाचव्या-सहाव्या वर्षी पहिली पोय येते. पहिल्या वर्षीच्या शिपुटाला, म्हणजे सुपारीच्या घोसाला, सुपाऱ्या थोड्याच धरतात, त्यावरून झाडाला नाव ठेवू नये.

माडाची पोय फुटली की आत नक्की काय असतं? नर फुलं कुठली, मादी कुठली?

हे एकदा शिडीवर चढून, नाहीतर ठेंगण्या माडाजवळ उभं राहून डोळ्यांनी बघाच. बाहेरचं होडीसारखं आवरण उभं चिरतं आणि आतून पिवळट पांढऱ्या काड्यांचा झुपका बाहेर येतो. प्रत्येक काडीवर शेंड्यापर्यंत तांदळाहून थोडी मोठी, टोकदार फुलं दाटीने बसलेली असतात. ती नर. एका पोयीत ती हजारोंनी असतात. त्याच काडीच्या बुडाशी एखाददुसरं गोल, बोराएवढं, हिरवट पिवळं बोंड बसलेलं दिसतं. ते मादी फूल. सगळ्या पोयीत मिळून मादी फुलं साधारण वीस ते चाळीस असतात, झाड खुशीत असलं तर त्याहून जास्त. नारळ होणार तो त्या बोंडाचाच.

क्रम असा की आधी नर फुलं उमलतात. काडीच्या शेंड्याकडून सुरुवात होते आणि उमलणं हळूहळू बुडाकडे सरकतं. हा नरांचा काळ अठरा-वीस दिवस चालतो. प्रत्येक नर फूल थोडाच वेळ उघडं राहतं, पराग सोडतं आणि गळतं. बाणवलीत नर संपत आले की मग मादी फुलांची पाळी येते. बोंडाच्या टोकाला तीन भागांचं पांढरं तोंड उघडतं आणि त्याच्या खालच्या बारीक छिद्रांतून मधाचा थेंब पाझरतो. बोंड तयार झाल्याची ती खूण. एक बोंड दोन-तीन दिवसच तयार राहतं, पोयीतली सगळी बोंडं मिळून पाच-सात दिवस. मग ते तोंड तपकिरी होतं. त्यानंतर पराग पोचून उपयोग नाही.

ठेंगण्या जातीत दोन्ही काळ एकमेकांवर येतात, म्हणजे नर चालू असतानाच माद्याही तयार होतात. दोन्ही जातींत हाच मुख्य फरक, आणि खालच्या निम्म्या प्रश्नांचं उत्तर त्यातच आहे.

रोज सकाळी माडाखाली पिवळट फुलांचा सडा असतो. सगळा फुलोरा गळतोय का?

नाही. ती नर फुलं आहेत. झाडून खताच्या खड्ड्यात टाका.

परसात एकच माड आहे. जोडीला दुसरा नसला तर नारळ धरतील का?

धरतील. मात्र कसे धरतात ते जातीवर अवलंबून आहे.

ठेंगणा माड स्वतःच्याच परागाने धरतो, त्याला कुणाची गरज नाही. बाणवलीचं तसं नाही, कारण तिच्या एका पोयीतले नर आणि माद्या एकमेकांना भेटत नाहीत. पण माडाला महिन्याला एक पान येतं आणि प्रत्येक पानाच्या बगलेत एक पोय असते. वर्षाला बारा-चौदा पोयी येणाऱ्या निरोगी झाडावर मागच्या पोयीतल्या माद्या तयार असताना पुढची पोय फुटून तिचे नर सुरू झालेले असू शकतात. तेव्हा एकटा माडही स्वतःचा पराग स्वतःला देतो. झाड उपाशी असेल, वर्षाला सहा-सात पोयीच येत असतील, तर ही गाठ पडत नाही आणि बोंडं कोरडी गळतात. म्हणजे एकट्या माडाला जोडीदारापेक्षा खत-पाण्याची जास्त गरज असते.

शिवाय कोकणात एकटा माड तसा एकटा नसतोच. कुंपणापलीकडे कुणाचा ना कुणाचा माड असतो, आणि माशीला सातबारा ठाऊक नाही.

पोफळीचं मात्र वेगळं आहे. तिचेही नर आधी आणि माद्या नंतर, पण तिला वर्षाला मोजक्याच पोयी येतात. सुटी एकच पोफळ असेल तर सुपारी कमी धरते. जागा असेल तर निदान चार-पाच लावा, नऊ-नऊ फुटांवर.

पराग वारा नेतो की माश्या? मधमाश्यांची पेटी ठेवून फायदा होतो का?

माडाच्या बाबतीत दोघेही. पराग हलका असतो, वाऱ्यावर जातो. पण बोंडाला मध येतो तो माशीसाठीच. फुटलेल्या पोयीवर सकाळी आठ-नऊला नजर टाका. सातेरी माश्या, फुलोरी, आग्या, गांधीलमाश्या, मुंग्या असा सगळा मेळा तिथे असतो. नरांवर पराग गोळा करून त्याच माश्या शेजारच्या झाडाच्या बोंडांवर मधासाठी जातात. पोफळीत मुख्य काम वाऱ्याचं.

पेटी ठेवायची तर सातेरीची ठेवा. ती आपल्याच हवेतली माशी आहे, पावसाळाही सोसते. माड वर्षभर फुलत असल्यामुळे इतर फुलं नसतानाही तिला पराग मिळत राहतो. त्यामुळे फायदा दोन्ही बाजूंनी होतो.

पेटी नसली तरी चालेल, पण एक गोष्ट जिवापाड पाळा. फुटलेल्या पोयीवर कीटकनाशक फवारू नका. आमच्या आळीत एका वर्षी आंब्याच्या मोहोरावर भर दुपारी फवारणी झाली आणि जवळच्या झाडातलं सातेरीचं मोहोळ दोन दिवसांत रिकामं झालं. तेव्हाच्या पोयींतली बोंडं आम्ही मोजली नव्हती, पण माश्यांवाचून शांत पडलेली ती पोय अजून डोळ्यांसमोर आहे. फवारणी टाळता येत नसेल तर संध्याकाळी, माश्या घरी परतल्यावर करा.

बोंडं भरपूर येतात आणि गळून जातात. किती गळली तर चालतं?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून सविस्तर लिहितो.

निरोगी माडावरसुद्धा दर दहा बोंडांपैकी सहा-सात गळतात. तीन-चार टिकली तर झाड आपलं काम नीट करतंय असं समजा. बहुतेक गळ पोय फुटल्यापासून पहिल्या दोन महिन्यांत होते. त्यानंतर मुठीएवढी, लिंबाएवढी फळं पडू लागली तर मात्र शोध घ्यायला हवा.

गळलेलं बोंड उचलून बघा. देठाकडचं टोपण काढा. खाली पांढरट त्रिकोणी चट्टे आणि पुढे तपकिरी खरबरीत भेगा दिसल्या तर ती कोळी कीड, म्हणजे एरिओफाइड माइट. भारतात ती प्रथम १९९८ मध्ये केरळात आढळली आणि मग सगळ्या किनाऱ्यावर पसरली. बोंडावर टोचल्याच्या खुणा आणि डिंक असेल तर रस शोषणारा ढेकूण. बुडाशी ओलसर कुजका डाग पावसाळ्यात दिसला तर बुरशी. यातलं काहीच नसेल, बोंड नुसतंच सुकलेलं असेल, तर कारण बहुधा मुळाशी आहे: पाणी, पालाश किंवा बोरॉन.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते सांगतो. माडाची पोय पानाच्या बगलेत सूक्ष्म रूपात तयार होते ती फुटण्याच्या सुमारे ३२ महिने आधी. त्यात मादी फुलं किती असणार हे फुटण्याच्या साधारण वर्षभर आधी आतल्या आत ठरत जातं. फुटल्यावर नारळ पिकायला आणखी ११-१२ महिने. म्हणजे पाडेली (माडावर चढून नारळ पाडणारा) आज जो नारळ खाली टाकतो त्याची सुरुवात साडेतीन वर्षांपूर्वी झालेली असते. तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात विहीर आटली होती, आपण मुंबईला होतो, माडांभोवतीची आळी कोरडी राहिली, त्याचा हिशोब आज चुकता होतोय. वादळात वाचलेल्या आमच्या माडांनी २०२० मध्ये नारळ दिले, ते आधीच धरलेले होते. खरी मार पुढच्या दोन वर्षांत दिसली. पोयी बारीक आल्या आणि काही तर आतच सुकल्या. तेव्हा घाबरून काही जणांनी वाचलेले माडही तोडले. ते थांबले असते तर बरं झालं असतं.

म्हणून यंदा खत घालून यंदाच नारळ वाढले नाहीत तर उपाय फसला असं म्हणू नका. सलग तीन वर्षं करा आणि मग बोला.

मग खत किती आणि कधी?

पाच वर्षांवरच्या माडाला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस वर्षाला एक किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद आणि एक किलो पालाश अशी आहे, सोबत ५० किलो शेणखत. युरियाच्या भाषेत हे नत्र सव्वादोन किलोच्या आसपास भरतं. सगळं एकदम घालू नका. आपल्या पावसात ते वाहून जातं. शेणखत आणि स्फुरद जूनमध्ये द्या, नत्र-पालाश जून, ऑक्टोबर आणि फेब्रुवारी अशा तीन हप्त्यांत. खत खोडाला चिकटवू नका, पाच-सहा फुटांवर आळ्यात पसरा.

जांभ्या मातीत बोरॉन धुपून जातं. नवी पानं टोकाला चिकटलेली, सुरकुतलेली येत असतील तर झाडाला ५० ग्रॅम बोरॅक्स, वर्षातून दोनदा. जास्त घालायचा मोह आवरा. बोरॉन थोडं जास्त झालं तरी झाडाला सोसत नाही.

आणि पाणी. उन्हाळ्यातल्या, फेब्रुवारी ते मे मधल्या पोयींत मादी फुलं सगळ्यांत जास्त असतात आणि नेमकं तेव्हाच आळं सुकं असतं. आळ्यात सोडणं म्हणजे नारळाच्या साली घाला, झापांचं म्हणजे माडाच्या पानांचं आच्छादन करा आणि या चार महिन्यांत पाणी चुकवू नका. बाकी काहीच जमलं नाही तरी एवढं करा.

पोय फुटलीच नाही, आतल्या आत काळी पडली.

पोयीवर भोक आहे का बघा. भोक आणि भुसा असेल तर गेंड्या भुंगा. तो कोवळा सुईर, म्हणजे शेंड्याचं न उघडलेलं पान, चावतो तेव्हा पुढे पान कात्रीने कापल्यासारखं उघडतं, आणि पोय पोखरतो तेव्हा अख्खी पेंड, म्हणजे नारळांचा घड, जाते. तारेच्या आकड्याने भुंगा काढा, वरच्या दोन-तीन पानांच्या बगलांत तीन-चार डांबराच्या गोळ्या घालून वर वाळू टाका, दीड महिन्याने पुन्हा. भुंगा वाढतो तो शेणखताच्या ढिगात आणि कुजलेल्या खोडात. वादळात पडलेली खोडं वाडीत कुजत राहिली, त्यामुळे तीन-चार वर्षं आमच्याकडे त्याचा फार उपद्रव झाला. अजून कुठे ओंडके पडले असतील तर ते फोडून जाळा.

भोक नसेल तर पाणी किंवा बोरॉन, वर लिहिलंय तसं.

नारळ दिसायला नारळ, पण आत खोबरंच नाही. हे परागीभवनामुळे?

काही वेळा. पराग नीट पोचला नाही तरी फळ थोडं वाढत राहतं, आणि हाती येतो तो लांबट, हलका, वांझ नारळ. एखाददुसरा सगळ्याच झाडांवर येतो. प्रत्येक पेंडीत तीन-चार निघत असतील तर पालाश कमी पडतंय का ते आधी बघा. तरीही वर्षानुवर्षं तेच चालू राहिलं तर झाडाचा स्वभावच तो, त्याचं बियाणं ठेवू नका.

पावसाळ्यात फुटलेल्या पोयी वाया जातात का?

पूर्ण नाही. मुसळधार पावसात माशी उडत नाही आणि पराग भिजतो, त्यामुळे त्या पोयींना धर कमी. पण कोकणातला पाऊसही मध्येच उघडीप देतो आणि माश्या त्या दोन तासांत काम करून जातात.

हाताने परागीभवन करावं का?

परसातल्या माडाला गरज नाही. हाताने पराग देणं हे संकरित बियाणं करण्याचं काम आहे. तिथे मादी झाडाच्या पोयीतली सगळी नर फुलं उमलण्याआधी खुडतात, पोय पिशवीत बांधतात आणि निवडलेल्या झाडाचा पराग बोंडांवर देतात. केरळात नीलेश्वर इथे १९३२ मध्ये असा उंच-ठेंगण्याचा संकर केला गेला. आपल्याकडे रत्नागिरीजवळ भाट्ये इथलं प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र १९५५ पासून आहे. प्रताप ही जात तिथलीच. रोपं घ्यायची तर तिथून किंवा विद्यापीठाच्या रोपवाटिकेतून घ्या.

आमचा जुना माड फार गुणाचा. त्याचाच नारळ रुजवला तर तसाच माड येईल?

बाणवली असेल तर तसाच येईलच असं नाही. तिच्या नारळाची आई आपल्याला ठाऊक असते, बाप मात्र वारा आणि माशी ठरवतात. तरीही चांगल्या आईचं बियाणं चांगलंच, म्हणून जुनी माणसं एकाच झाडाचे आठ-दहा नारळ रुजवून त्यातली जोमदार दोन-तीन रोपं ठेवत, ती रीत बरोबर आहे.

ठेंगणा नारिंगी माड उंच माडांच्या शेजारी असेल तर एक सुंदर गोष्ट बघायला मिळते. त्याचे नारळ रुजवले की बहुतेक रोपांचे देठ नारिंगी असतात. एखाद्याचा हिरवट किंवा तपकिरी निघतो. त्याचा बाप शेजारचा उंच माड. तो आपोआप झालेला संकर, जपून लावा.

पोफळीच्या कोवळ्या सुपाऱ्या पावसात गळतात. धर कमी पडला का?

नाही, धर तर झालेला आहे. हा कोळे रोग, बुरशीचा. सुपारीवर ओले गडद डाग पडतात आणि शिपूट रिकामं होतं. पावसाआधी एक टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी आणि दीड महिन्याने दुसरी, किंवा शिपुटावर प्लास्टिकची पिशवी बांधणं, हेच उपाय. गळलेल्या सुपाऱ्या झाडाखाली ठेवू नका. मार्च-एप्रिलमध्ये शिपुटाच्या काड्या टोकाकडून सुकत येत असतील तर तो वेगळा रोग. श्रीवर्धनला सुपारी संशोधन केंद्र आहे, तिथे शिपूट नेऊन दाखवा.

कुंपणालगत ताड आहे, दरवर्षी फुलतो, पण ताडगोळे कधीच नाहीत.

तो नर आहे. ताडात नर वेगळा, मादी वेगळी. नराला बोटांसारखे लांब तुरे येतात, ताडगोळे फक्त मादीला. पहिला फुलोरा येईपर्यंत, म्हणजे बारा-पंधरा वर्षं किंवा त्याहूनही जास्त, ओळखायचा मार्ग नाही. तोडू नका. आसपासच्या माद्यांना पराग त्याचाच मिळतो. शिंदीचंही असंच, नर वेगळा, मादी वेगळी.

भेरली माड फुललाय. तो आता मरणार असं सांगतात, खरं का?

खरं आहे, पण लगेच नाही. भेरली माड आधी सगळं आयुष्य वाढतो आणि मग फुलायला लागतो. पहिला फुलोरा शेंड्याशी येतो, पुढचा त्याच्या खाली, असं उतरत उतरत बुंध्याकडे. मोकळ्या केसांसारखे ते लोंबते फुलोरे चार-सहा वर्षं येत राहतात. सगळ्यांत खालचा संपला की झाड संपतं. तोवर माश्या, पाखरं आणि रात्री उदमांजरं त्यावर जगतात. फळं हाताळू नका, रसाने भयंकर खाज सुटते. घरावर पडेल अशा जागी असेल तर शेवटच्या फुलोऱ्यानंतर माणूस बोलवा, आधी नको. उदमांजराच्या विष्ठेतून पडलेल्या बिया वाडीत रुजतात, त्यातलं एखादं रोप राखून ठेवा.

कुंडीतल्या अरेका पामला सुपारी येईल का?

नाही. नाव सारखं असलं तरी तो मादागास्करचा शोभेचा पाम आहे. जमिनीत लावला तर फुलतो, पिवळी छोटी फळंही धरतात, पण ती सुपारी नव्हे.

माड साफ करताना हिरवे झाप तोडले तर चालतात का?

नका तोडू. ज्या झापाच्या बगलेत पेंड आहे तो झापच तिचा आधार आणि तिला पोसणारा. भरल्या माडावर तीस-पस्तीस झाप असावेत. पाडेली चढला की सवयीने खालचे दोन-चार हिरवे उतरवतो, त्याला चढण्याआधीच सांगा : दादा, वाळलेलेच काढा, आणि फुटलेल्या पोयीला पाय लावू नका.